कानाचा कागद वाचताना



दवाखान्यात रुग्ण नाना प्रकारचे कागद घेऊन येतात. रक्ताच्या अहवालातील ठळक छापलेले आकडे आता घरातील शाळकरी मूलही वाचून दाखवते. छातीचा फोटो उजेडासमोर धरून पाहण्याचीही अनेकांना सवय झाली आहे. पण एक कागद असा आहे की, तो हाती पडल्यावर सुशिक्षित माणूसही गोंधळतो, उलटसुलट करून पाहतो आणि शेवटी घडी घालून पिशवीत ठेवून देतो. तो कागद म्हणजे श्रवणचाचणीचा आलेख, ज्याला आपण ऑडिओग्राम म्हणतो. चौकटींच्या जाळीवर एक तांबडी रेघ, एक निळी रेघ, काही गोल आणि काही फुल्या एवढेच त्यावर असते.

हा कागद वाचायला मी मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकले. तो वाचताना चुकले मात्र साताऱ्यात, स्वतःच्या दवाखान्यात, वीसहून अधिक वर्षांच्या अनुभवानंतर. त्या चुकीविषयी पुढे लिहिणारच आहे. परंतु माझा पाय नेमका कोठे घसरला हे आपल्याला कळावे, यासाठी आधी त्या कागदाची भाषा थोडी समजून घेऊ.

‘चाळीस टक्के बहिरा?’

साताऱ्याचा परिसर सैनिकांचा. आपशिंगे गावाच्या नावाला तर ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा जोडला गेला आहे. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले. अशा मुलखात दवाखान्यात निवृत्त जवान वरचेवर येणारच. त्यांतील सत्तरीकडे झुकलेल्या एका सुभेदारांनी आपला ऑडिओग्राम माझ्या टेबलावर पसरला आणि विचारले, “मॅडम, डाव्या कानाखाली चाळीस लिहिलंय. म्हणजे मी चाळीस टक्के बहिरा झालो का?”

हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी ऐकावा लागतो. त्याचे उत्तर ‘नाही’ असे आहे. तो आकडा टक्क्यांचा नसून डेसिबलचा आहे.

आलेख वाचताना बाजाची पेटी डोळ्यांसमोर आणावी. आडव्या रेषेवर डावीकडे २५० हर्ट्झपासून उजवीकडे ८००० हर्ट्झपर्यंत आकडे असतात. पेटीवर बोटे डावीकडून उजवीकडे सरकतात तसा स्वर खर्जाकडून तार सप्तकाकडे चढतो, तसेच येथेही घडते. उभ्या रेषेवर आवाजाचा मोठेपणा असतो. वरच्या टोकाला अगदी हळू आवाज आणि खाली जावे तसा मोठा आवाज. प्रत्येक स्वराचा, ऐकू येईल असा सर्वांत हळू आवाज शोधून तेथे खूण करतात. ही खूण म्हणजे त्या स्वरापुरता आपल्या कानाचा उंबरठा. उजव्या कानासाठी तांबडा गोल आणि डाव्या कानासाठी निळी फुली. रेघ जितकी खाली, तितके ऐकणे कमी.

शून्य डेसिबल म्हणजे आवाजच नाही, असे नव्हे. निरोगी तरुण कानाला जेमतेम ऐकू येणारा आवाज म्हणजे शून्य. जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या प्रतवारीनुसार २० डेसिबलच्या आतील उंबरठा सामान्य, २० ते ३५ सौम्य, ३५ ते ५० मध्यम, ५० ते ६५ मध्यम-तीव्र आणि ६५ ते ८० तीव्र श्रवणदोष मानला जातो. त्यापुढचा दोष अतितीव्र. हे मोजमाप साध्या बेरजेचे नाही. २० च्या जागी ४० आले, तर आवाजाची तीव्रता दुप्पट नव्हे, शंभरपट लागते.

आता सुभेदारांच्या आलेखाकडे वळू. त्यांची रेघ उजवीकडे जाताना उतरत होती, ४००० हर्ट्झवर खोल खड्ड्यात पडत होती आणि ८००० वर पुन्हा थोडी वर येत होती. डाव्या कानाचा खड्डा उजव्यापेक्षा अधिक खोल होता. मी विचारले, “रायफल उजव्या खांद्याला लावत होता ना?” ते चकित झाले. “असं कागदावर लिहिलंय का?”

एका अर्थी लिहिलेलेच होते. ४००० च्या आसपासचा असा खड्डा ही मोठ्या आवाजाने झालेल्या इजेची ओळखीची खूण आहे. निव्वळ वार्धक्याने येणाऱ्या दोषात रेघ ८००० पर्यंत उतरतच जाते, वर येत नाही. उजव्या खांद्याला बंदूक लावणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाकडे असतो आणि उजव्याला डोक्याचा आडोसा मिळतो, म्हणून डावा अधिक भाजतो. वैद्यकी व्यवसायाची पहिली काही वर्षे मी सांगली जिल्ह्यात, विट्याजवळ काढली. तेथील यंत्रमाग कामगारांच्या आलेखांतही हाच खड्डा असे, पण दोन्ही बाजूंना बहुधा सारखा, कारण मागांचा खडखडाट चोहोबाजूंनी येतो. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर तो आवाज कानाला घातक आहे असे समजावे. गणेशोत्सवातील डॉल्बीच्या भिंतीसमोर उभ्या राहणाऱ्या मुलांच्या पालकांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे.

आंतरकर्णात गोगलगाईच्या शंखासारखी वेटोळी नळी असते, तिला कॉक्लिया म्हणतात. तिच्या तोंडाशी उंच स्वर ओळखणाऱ्या पेशी असतात, तर आतल्या टोकाला खालच्या स्वरांच्या. ध्वनीची लहर या नळीतून कशी प्रवास करते, हे दाखवून देणाऱ्या गेओर्ग फॉन बेकेशी यांना १९६१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या केसाळ पेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. उंच स्वर गेले की काय होते? आपल्या भाषेतील अ, आ, ओ हे स्वर खालच्या पट्टीत असतात आणि शब्दाला बळ देतात. स, श, फ, थ ही व्यंजने उंच पट्टीत असतात आणि शब्दाला अर्थ देतात. ‘साठ’ या शब्दातला स निसटला की कानावर ‘आठ’ पडते. म्हणूनच घरातील वृद्ध म्हणतात, “ऐकू येतं गं, पण काय बोलता ते समजत नाही.” त्यांच्या कानाशी ओरडल्याने स ऐकू येत नाही, फक्त आ मोठा होतो. समोर येऊन, तोंड दिसेल असे, थोडे सावकाश बोलावे. त्याचा उपयोग अधिक होतो.

सरासरी लपवते ते

कागदाच्या तळाशी बहुतेक वेळा एक सरासरी लिहिलेली असते. ५००, १००० आणि २००० हर्ट्झ या तीन उंबरठ्यांची ती सरासरी. घाईत असलेला डॉक्टर प्रथम तीच पाहतो, रुग्णही तीच लक्षात ठेवतो. पण सरासरी आकार सांगत नाही.

मिरजेत शिकत असताना सतारमेकरांच्या दुकानांवरून आमचा रोजचा रस्ता जाई. दीडशे वर्षांहून अधिक काळ तेथे सतारी आणि तानपुरे घडत आहेत. २०२४ मध्ये या वाद्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. तानपुऱ्याच्या घोडीचा पृष्ठभाग कानसून तार गुंजू लागेल असा करण्याच्या कामाला जवारी काढणे म्हणतात. हे काम पट्टीने मोजून होत नाही, कानाने होते. इंटर्नशिपमध्ये असताना बाह्यरुग्ण विभागात एक वृद्ध कारागीर आले. बहिरेपणाची त्यांची तक्रारच नव्हती. “बोलणं सगळं कळतं,” ते म्हणाले, “पण अलीकडे जवारी लागली की नाही, हे मला नातवाला विचारावं लागतं.”

त्यांच्या चाचणीची सरासरी सामान्याच्या आत होती. मात्र २००० च्या पुढे रेघ कड्यावरून कोसळावी तशी खाली गेली होती. तारेच्या गुंजनातील उंच उपस्वर त्या कड्यापलीकडे राहिले होते. आमचे सर म्हणाले, “सरासरीवर गेला असतात, तर या माणसाला ‘काही झालेलं नाही’ असं सांगून घरी पाठवलं असतंत.” रुग्ण जे सांगतो ते कागदावर दिसत नसेल, तर रुग्णावर अविश्वास दाखवण्यापूर्वी कागद पुन्हा पाहावा, हा धडा मी तेथे घेतला. घेतला असे मला वाटले होते, म्हणणे अधिक खरे.

चक्कर आणि श्रवण

ऐकणे आणि तोल सांभाळणे ही दोन्ही कामे आंतरकर्णात शेजारी-शेजारी चालतात आणि त्यांचे संदेश आठव्या मज्जातंतूच्या दोन शाखांतून मेंदूकडे जातात. म्हणून चक्कर येणाऱ्याला आम्ही श्रवणचाचणी सांगतो, तेव्हा “मला तर चांगलं ऐकू येतं” या उत्तरावर थांबू नये.

अंथरुणात कूस बदलताना काही सेकंद घर गरगर फिरते आणि ऐकण्यात काहीच फरक नसतो, तेव्हा बहुधा आंतरकर्णातील कॅल्शियमचे सूक्ष्म कण जागा सोडून तोलाच्या नळीत शिरलेले असतात. येथे आलेख बिघडलेला नसतो. अमेरिकन डॉक्टर जॉन एप्ली यांनी सुचवलेल्या पद्धतीने मान विशिष्ट क्रमाने वळवून हे कण पुन्हा जागी नेता येतात. वर्षानुवर्षे गोळ्या खाण्याची तेथे गरज नसते.

चक्कर तासन्‌तास टिकते, एका कानात गच्चपणा आणि घुमणारा आवाज येतो आणि आलेखाची डावी बाजू, म्हणजे खालचे स्वर, उतरलेली दिसते, तेव्हा मेनिएरच्या विकाराचा विचार करावा. चक्कर मेंदूतूनच येते असे मानले जात असताना १८६१ मध्ये प्रॉस्पर मेनिएर या फ्रेंच वैद्याने तिचे मूळ कानात असू शकते, असे मांडले. या विकारात ऐकणे कमी-अधिक होत राहते. चांगल्या दिवशी केलेली चाचणी सामान्य येऊ शकते, म्हणून ती पुन्हा करावी लागते. आणि दोन कानांच्या रेघांत ठळक अंतर असून त्याचे कारण सापडत नसेल, तर आठव्या मज्जातंतूवर गाठ नाही ना, हे एमआरआय करून पाहावे लागते. अशी गाठ बहुधा कर्करोगाची नसते, पण ती वेळेत सापडलेली बरी.

माझी चूक

आता त्या चुकीकडे येते. तिच्यासाठी आलेखातील आणखी एक गोष्ट आपल्याला ठाऊक हवी.

कानाची चाचणी दोन वाटांनी होते. हेडफोनमधून आवाज देतात तेव्हा तो कानाची नळी, पडदा आणि तीन हाडांची साखळी ओलांडून आत जातो. ही हवेची वाट. कानामागच्या हाडावर कंपक ठेवून आवाज देतात तेव्हा तो थेट आंतरकर्णात पोहोचतो. ही हाडाची वाट. हाडाची रेघ चांगली आणि हवेची रेघ खाली असेल, तर आंतरकर्ण शाबूत आहे आणि अडथळा बाहेर आहे, जसे मळ, पडद्याला छिद्र किंवा पडद्यामागचे पाणी. दोन्ही रेघा एकत्र खाली असतील, तर दोष आंतरकर्णात किंवा मज्जातंतूत आहे.

सुमारे आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. पस्तिशीतली एक प्राथमिक शिक्षिका माझ्याकडे आली. आठवडाभर सर्दी होती, दोन दिवसांपूर्वी सकाळी उठताना डावा कान अचानक बंद झाला, त्यात शिट्टीसारखा आवाज आणि चालताना थोडा झोक जाणे, असे तिने सांगितले. आदल्या दिवशी एका तपासणी शिबिरात केलेला ऑडिओग्राम तिने आणला होता. उजवा कान सामान्य. डाव्या कानाची हवेची रेघ ६० च्या आसपास आणि हाडाची रेघ १० वर. म्हणजे बाहेर अडथळा, असे पुस्तक सांगते. सर्दीही होती. मी म्हणाले, “पडद्यामागे पाणी झालंय. घाबरू नकोस, तीन आठवड्यांत उतरेल.” सर्दीच्या गोळ्या आणि नाकातले थेंब लिहून दिले.

पाच आठवड्यांनी ती परत आली. कान तसाच होता. तेव्हा मी तिला कानाच्या तज्ज्ञांकडे पाठवले. तेथे पुन्हा चाचणी झाली आणि डाव्या कानाला काहीच ऐकू येत नाही, असे निष्पन्न झाले. पहिल्या दिवसापासूनच येत नव्हते.

मग पहिल्या कागदावरच्या त्या रेघा कोणाच्या होत्या? त्या उजव्या कानाच्या होत्या. डाव्या बाजूला दिलेला मोठा आवाज कवटीतून पलीकडे जातो आणि चांगला कान त्याला उत्तर देतो. हाडावरून दिलेला आवाज तर जवळजवळ काहीच न गमावता दुसऱ्या बाजूला पोहोचतो. म्हणून चाचणी करताना चांगल्या कानात सरसर असा आवाज सोडून त्याला गुंतवून ठेवावे लागते, यालाच मास्किंग म्हणतात. शिबिरात ते झाले नव्हते. मृत कानाच्या जागी चांगल्या कानाची सावली उमटली होती आणि मी सावलीलाच अडथळा समजून बसले.

दोष शिबिराचा होता, असे म्हणून मला सुटता येणार नाही. मास्किंगच्या खुणा कागदावर नव्हत्या, हे मला दिसायला हवे होते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे माझ्या खणात ५१२ हर्ट्झचा नादकाटा होता. वेबर यांनी १८३४ मध्ये वर्णन केलेली चाचणी अर्ध्या मिनिटाची आहे. काटा वाजवून कपाळाच्या मध्यावर टेकवायचा आणि आवाज कोणत्या कानात येतो, ते विचारायचे. बाहेर अडथळा असेल, तर आवाज आजारी कानात जातो. आंतरकर्ण निकामी असेल, तर तो चांगल्या कानात जातो. तिने “उजव्या कानात” असे सांगितले असते आणि कागद खोटा बोलतो आहे, हे मला तत्क्षणी कळले असते. मी काटा काढलाच नाही, कारण छापील आलेख समोर होता.

तीन दिवसांच्या आत अचानक आलेला असा आंतरकर्णाचा बहिरेपणा ही तातडीची अवस्था आहे. स्टिरॉइडचे उपचार पहिल्या काही दिवसांत, निदान दोन आठवड्यांच्या आत सुरू झाले, तर लाभाची शक्यता अधिक असते. वेळेत पाठवले असते तर तिचा कान वाचलाच असता, असे कोणी सांगू शकणार नाही. पण तिला मिळायला हवी होती ती संधी माझ्या हातून गेली.

मी तिला सारे समजावून सांगितले आणि क्षमा मागितली. ती मला काही बोलली नाही, फक्त आपला पहिला कागद परत मागून घेऊन गेली. पुढे वर्षभराने सर्दीतापासाठी आली, तेव्हा सहज बोलता बोलता म्हणाली की, वर्गात कोणता मुलगा बोलला ते तिला आता कळत नाही, म्हणून बोलण्यापूर्वी हात वर करायची सवय तिने मुलांना लावली आहे. आवाजाची दिशा ओळखायला दोन कान लागतात.

आपण काय करावे

त्या दिवसापासून नादकाटा खणातून निघाला आणि स्टेथोस्कोपशेजारी टेबलावर आला. आपल्याकडे काटा नसेल, पण स्वतःचा आवाज आहे. अचानक एक कान बंद वाटला तर ओठ मिटून ‘हं’ असे गुणगुणावे. आवाज बंद कानात मोठा घुमला तर अडथळा बाहेर असण्याचा संभव अधिक. तो चांगल्या कानाकडेच गेला तर धोका समजावा. ही घरगुती युक्ती निदान नव्हे. तिचा कौल काहीही लागो, अचानक कमी झालेल्या ऐकण्यासाठी त्याच किंवा दुसऱ्या दिवशी कानाच्या तज्ज्ञांना दाखवावेच. सोबत बोलणे अडखळत असेल, तोंड वाकडे झाले असेल, हातापायातील शक्ती गेली असेल किंवा उभेही राहता येत नसेल, तर थेट मोठे रुग्णालय गाठावे.

आणि ऑडिओग्राम हाती आला, की आपल्या डॉक्टरांना संकोच न करता चार प्रश्न विचारावेत. दोन्ही कान सारखे आहेत की एक वेगळा आहे? हवेच्या आणि हाडाच्या रेघेत अंतर आहे का? अंतर असेल, तर चाचणी शांत खोलीत आणि मास्किंग करून झाली होती का? मला जे जाणवते ते या कागदाशी जुळते का? चौथ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर चाचणी पुन्हा करावी. असे होईपर्यंत श्रवणयंत्राची खरेदी लांबणीवर टाकावी.

असे प्रश्न विचारणाऱ्या रुग्णाचा डॉक्टरला राग येईल, अशी भीती बाळगू नये. त्या शिक्षिकेने मला तिसरा प्रश्न विचारला असता, तर मी तिची जन्मभर ऋणी राहिले असते.

शेवटी एक विनंती. पहिला ऑडिओग्राम कितीही जुना झाला तरी टाकून देऊ नका. कानाचे खरे वाचन दोन कागद शेजारी ठेवले की सुरू होते. सुभेदार दरवर्षी नवा आलेख आणतात आणि जुन्या साऱ्या आलेखांची चळत सोबत असते, रेशनकार्डाच्या प्लास्टिक पिशवीत, तारखेनुसार लावलेली. आम्ही दोघे त्या रेघा एकमेकींवर ठेवून पाहतो. गेल्या खेपेला रेघ जागची हललेली नव्हती. “म्हणजे टिकून आहे,” ते म्हणाले. मी हो म्हणाले, आणि तरीही काटा वाजवून त्यांच्या कपाळावर टेकवला.